धुराचं नाव-गाव

३ नोव्हेंबर, सोमवार

बसलं एकदाचं गच्चीवर हवा तपासायचं मशीन! दोन हमाल, एक दोरखंड आणि खाली उभ्या राहून सूचना देणाऱ्या सासूबाई. "डावीकडे! अरे, तुझं डावं!" टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण आवाज अजून तसाच – एका दमात तीन मजले चढतो.

नवऱ्याला मी हात लावू दिला नाही. दीड वर्षापूर्वी त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले, तेव्हापासून गव्हाची पिशवीसुद्धा मीच उचलते. तो बिचारा जिन्यात उभा राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता. तेवढंच योगदान.

शहरभरात आमच्या प्रयोगशाळेच्या अशा तीन जागा. पहिली मोठ्या चौकात, पोस्टाच्या छपरावर. दुसरी गोदामांजवळ, अग्निशमन केंद्रावर. तिसरी मुद्दाम स्वच्छ जागी हवी होती – कारखाना नको, रहदारी नको, मागे झाडं असावीत. म्हणजे घाणेरड्या हवेची तुलना कशाशी तरी करता येते. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कुणाच्या घराची गच्ची आहे का अशी?" मी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

आता सहा आठवडे आमची गच्ची म्हणजे शहरातली सगळ्यात स्वच्छ हवा. सरकारी कागदावर! सासूबाई शेजारच्या दंतवैद्यांना सांगूनही आल्या.

४ नोव्हेंबर

मशीन दिवसरात्र घुर्र करतं. नवरा म्हणाला, "माझ्या घोरण्याला नावं ठेवायचीस ना? भोग आता."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गच्चीवर फिल्टर बदलत होते. सासूबाई विणकामाची पिशवी घेऊन आल्या, खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "पांढरी चकती घालतेस, राखाडी काढतेस. काय बघतेस एवढं त्यात?"

समजावून सांगितलं. धूळ किती हे तर वजन करून कुणीही सांगेल. आम्ही त्या धुळीतली सेंद्रिय द्रव्यं बाहेर काढतो आणि ती आली कुठून ते शोधतो. लाकूड जळलं की एक विशिष्ट साखर सुटते, ती दुसऱ्या कशातून येतच नाही. इंजिनाच्या तेलाची खूण वेगळी. मांस तळलं की धुरात कोलेस्टेरॉल सापडतं. प्लास्टिक जाळलं की त्याचंही एक ठरलेलं द्रव्य. झाडंसुद्धा काहीतरी सोडतात, ते उन्हात बदलतं आणि त्याचे बारीक कण होतात.

"म्हणजे तू धुराला नाव-गाव विचारतेस."

"हो, तसंच."

"आणि तो सांगतो?"

"सांगतो. खोटं बोलत नाही."

"मग माणसांपेक्षा बरा म्हणायचा," म्हणाल्या आणि टाके मोजायला लागल्या.

सव्वीस वर्षं नोकरी केली, एवढं चांगलं वर्णन मला एकदाही जमलं नाही. अहवालाला हेच नाव द्यावं का? साहेबांच्या भुवया टाळूपर्यंत जातील! (आम्ही त्यांना पाठीमागे भुवयाच म्हणतो. तोंडाने बोलतात ते फक्त रजा नाकारताना.)

१२ नोव्हेंबर

चौकातला पहिला निकाल. सगळं शहर ट्रकांच्या नावाने बोटं मोडतं, आणि आमच्या फिल्टरवर तळणीच्या धुराने ट्रकांना गाठलंय! पोस्टाच्या मागे खाणावळींची रांग आहे, सगळ्यांची धुराडी थेट रस्त्यावर. भुवया एक वर, एक खाली. म्हणजे "उत्तम, पण पुन्हा तपासा."

दुपारी त्याच रांगेतून खारूताईने आम्हा दोघींसाठी तळलेली कोंबडी आणली. खारूताई म्हणजे माझी प्रयोगशाळेतली जोडीदारीण. काचेच्या कुप्या, चिमटे, रबरं – काहीही सापडलं की कपाटात दडवते, म्हणून हे नाव. म्हणाली, "संशोधनासाठी खातोय आपण." बोटं चाटूनपुसून संशोधन केलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आमच्या गच्चीचे पहिले तीन फिल्टर प्रयोगशाळेतल्या तपासणी यंत्रावर लावले. खारूताई पडद्याशी बसली होती. झाडांची द्रव्यं – आहेत. लाकडाची साखर – अगदी किंचित. इंजिनाचं तेल – नावापुरतं. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. शहरातली सगळ्यात स्वच्छ हवा!

मग ती म्हणाली, "अगं, हे काय?"

पडद्यावरच्या आलेखात एक सुळका. नको त्या जागी, चांगला उंच.

निकोटीन.

मी म्हटलं, "नळी अस्वच्छ असेल." तिने नळी बदलून पुन्हा लावलं. पुन्हा तोच सुळका. दुसरा फिल्टर – आहे. तिसरा – आहे. चौकातल्या फिल्टरवर पुसटसं येतं ते, एवढी माणसं ओढत जातात तिथून. पण आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट! म्हणजे लांबून वाऱ्यावर आलेलं नाही. कुणीतरी मशीनपासून चार पावलांवर उभं राहून सिगारेट ओढतंय.

खारूताई माझ्याकडे बघत होती. तिला स्टेंटचं माहीत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःला बजावलं – शास्त्रज्ञ आहेस ना, मग आधी बाकीच्या शक्यता खोड.

दंतवैद्य: ओढत नाहीत. वर वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहतो.
हमाल: एकदाच आले होते, तेही पहिला फिल्टर घालायच्या आधी.
मी: नाही!
पाण्याच्या टाकीवाला: गेल्या वर्षापासून बोलावतेय, आलेलाच नाही. आला असता तर सिगारेटसकट स्वागत केलं असतं.

खोडून खोडून एकच उरला.

त्याने दीड वर्षापूर्वी सोडली. हॉस्पिटलच्या पलंगावर माझा हात धरून. त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "पुन्हा सुरू झाली तर मी जबाबदारी घेणार नाही."

१६ नोव्हेंबर, रविवार

विचारलं.

कसं विचारावं यावर सकाळपासून डोकं शिणवलं, आणि शेवटी तोंडातून निघालं ते हे – "तू गच्चीवर सिगारेट ओढतोस?"

तो बसच्या वेळापत्रकांचे तक्ते पसरून बसला होता. शहराच्या सगळ्या बसेस त्याने ठरवलेल्या मिनिटाला सुटतात (निदान कागदावर तरी). पेन्सिल खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"फिल्टरने."

"फिल्टरने." दोनदा म्हणाला. "एकवीस वर्षं माझ्याबरोबर राहतेस. माझ्यावर विश्वास नाही, आणि त्या घुरघुरणाऱ्या डब्यावर आहे?"

मी म्हटलं, डबा खोटं कशाला बोलेल? तो म्हणाला, मग डब्याशीच संसार कर. मी म्हटलं, डबा निदान पसारा करत नाही. तो म्हणाला – काय म्हणाला ते लिहीत नाही. मीही जे म्हटलं ते लिहीत नाही. सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं भांडं जरा जोरातच आपटलं, तेव्हा दोघे गप्प झालो.

१७ नोव्हेंबर

अबोला. मीठ हवं असेल तर तो सासूबाईंना सांगतो, त्या मला सांगतात. एक्स्चेंज पुन्हा सुरू!

१९ नोव्हेंबर, बुधवार

हसू आवरत नाहीये. लिहूनच काढते.

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी घरी आले. नवरा कचेरीत. सासूबाई म्हणाल्या, "वर चल जरा." गेलो. मशीन बंद करायला सांगितलं त्यांनी. केलं. मग विणकामाच्या पिशवीत हात घातला, लोकरीचे गुंडे बाजूला सारले आणि काढलं काय – सिगारेटचं पाकीट!

मी बघतच राहिले.

एक काढली. काडी पेटवली, वाऱ्याला पाठ करून, ओंजळीत – नाटकातल्या नटांनाही साधणार नाही अशा सफाईने. झुरका घेतला आणि धूर नाकावाटे सोडला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई! डोक्याला स्कार्फ, पायात लोकरी मोजे!

"माझ्या पोराला उगाच छळू नकोस," म्हणाल्या. "मी ओढते."

"तुम्ही? कधीपासून?"

"एक्स्चेंजमध्ये आम्ही सगळ्याच ओढायचो. सहा तास कानाला हेडफोन, दोन्ही हातात तारा, आणि लोक आपल्याला शिव्या घालणार. पाच मिनिटांची सुट्टी मिळाली की मागच्या जिन्यात. मुलं झाली तेव्हा सोडली. आता म्हातारपणी पुन्हा आठवण झाली."

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढं हलकं वाटलं की मी त्यांच्या शेजारी फरशीवरच बसकण मारली. तो नव्हता! तो नव्हता! मग एकदम लाज वाटली, की सासूबाईंच्या फुप्फुसांची मला एवढीही पर्वा नाही. म्हटलं, "आई, तुमच्या तब्येतीला –"

"माझ्या तब्येतीचं मी बघते. त्याला मात्र सांगू नकोस. आई ओढते म्हटल्यावर पुन्हा सुरू करेल. तुझं मशीन गच्चीवर आहे तोवर हात लावत नाही, शब्द देते."

अर्धीच ओढून विझवली. जरा खोकल्या. मी पाणी आणून दिलं.

२० नोव्हेंबर

नवऱ्याची माफी मागितली. कारण सांगता येईना, म्हणून म्हटलं, "फिल्टरची ती पेटीच खराब निघाली." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या फिल्टरवर खोटा आळ घातला. माफ करा, फिल्टर.

तो बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे. होतं असं."

किती मोठ्या मनाचा आहे! मी असते तर महिनाभर ताणून धरलं असतं. संध्याकाळी त्याच्या आवडीचं मशरूमचं सूप केलं, दुप्पट.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात खोटं बोलले, कामात बोलणार नाही. साहेबांना सांगितलं – गच्चीवर घरातल्याच एका व्यक्तीचं धूम्रपान, आतापर्यंतचे सगळे फिल्टर बाद धरावेत. भुवया हळूहळू वर गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"व्यक्ती कोण?"

"वयस्कर आहे. शब्द दिलाय."

"पुढचे चार फिल्टर स्वच्छ आले तर जागा ठेवू. नाहीतर स्वच्छ जागाच उरत नाही, आणि मग चौकाची तुलना कशाशी करायची? सगळा अहवाल एका पायावर उभा राहील." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

आता मनपाच्या समितीपुढे जाणारा अहवाल, खाणावळींची धुराडी आणि वर्षभराचं काम एका म्हातारीच्या इच्छाशक्तीवर टांगलेलं आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वच्छ!!

चारांतले पहिले दोन्ही फिल्टर. निकोटीनच्या जागी सुळका नाही, सपाट माळरान. खारूताईने मला खुर्चीसकट गोल फिरवलं. "कोण गं ती व्यक्ती? आता तरी सांग." नाही सांगितलं. शब्द म्हणजे शब्द.

घरी येऊन सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्या विणता विणता म्हणाल्या, "हं." एवढंच! चौऱ्याहत्तराव्या वर्षी सिगारेट सोडणारी बाई, आणि म्हणे "हं". मी तर गाजावाजा केला असता.

२ डिसेंबर, मंगळवार

नणंदेचं मनगट मोडलं – बर्फ नाही, पाऊस नाही, सरळ कोरड्या जिन्यावरून घसरली. सासूबाई तिच्याकडे निघाल्या, महिना तरी राहतील. नवरा स्टेशनवर सोडायला गेला. निघताना त्यांनी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, पन्नाशीच्या माणसाची! आणि म्हणाल्या, "लक्षात आहे ना मी काय सांगितलंय?" तो "हो आई, हो आई" करत पिशवी उचलायला वाकला. मी ती आधीच उचलली होती.

घर एकदम मोठं झालंय. त्या नसल्या की आवाजाची पट्टी सापडत नाही कुणाला.

५ डिसेंबर, शुक्रवार

उरलेले दोन फिल्टरही स्वच्छ. जागा वाचली, अहवाल वाचला! साहेबांनी दोन्ही भुवया एकदम वर करून खाली आणल्या. खारूताई म्हणते ही टाळी आहे.

८ डिसेंबर, सोमवार

आज पंप बंद केला. फक्त एक शेवटचं काम उरलंय – कोरा फिल्टर. पंप न चालवता तीन दिवस एक फिल्टर मशीनच्या आत नुसता ठेवायचा, मग काढून बाकीच्यांसारखाच तपासायचा. हवा ओढलेलीच नाही, म्हणजे त्यावर काही सापडायला नको. सापडलं तर ते आमच्या हाताळणीतून आलं किंवा नुसतं अवतीभवती तरंगत होतं ते येऊन बसलं, असं समजायचं. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.

नवरा जेवताना म्हणाला, "घुरघुर थांबली?"

"थांबली. मशीन बंद."

"कायमचं?"

"कायमचं. पुढच्या आठवड्यात हमाल येऊन नेतील."

"चला," म्हणाला, "घर आपलं झालं." दुसऱ्यांदा सूप वाढून घेतलं. मला बरं वाटलं. बिचाऱ्याने किती आठवडे तो आवाज सोसला!

१२ डिसेंबर, शुक्रवार

समितीपुढे पहिलं वाचन झालं. खाणावळींना धुराड्यांवर जाळ्या आणि गाळण्या बसवाव्या लागणार, गोदामांजवळ प्लास्टिक जाळणं बंद होणार. एक सदस्य म्हणाले, "बाई, तुम्हाला नुसत्या धुळीवरून एवढं कळतं?" मी म्हटलं, "आम्ही धुराला नाव-गाव विचारतो." सगळे हसले. साहेबसुद्धा! दात आहेत त्यांना, आज कळलं.

संध्याकाळी नवऱ्याबरोबर नदीकाठाने लांब फिरून आले. तो छान गप्पा मारत होता. मधेच पुलाच्या चढावर थांबला, कठड्याला टेकला. "बघ, बत्ती लागली पलीकडे," म्हणाला. खूप दिवसांनी असं दोघंच. बरं चाललंय आमचं.

१५ डिसेंबर, सोमवार

कोऱ्या फिल्टरवर निकोटीन. खारूताईने तीनदा लावून बघितलं.

सासूबाई तेरा दिवस घरात नाहीत. आणि मशीन बंद आहे हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं – ज्याने गेल्या महिन्यात मोठ्या मनाने माझी माफी मान्य केली.

प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून नणंदेकडे फोन लावला. "आई, ते पाकीट तुमचं नव्हतं ना?"

मग एक्स्चेंजमधला तो आवाज, पण पार खाली आलेला –

"त्याच्या खिशातून काढून घेतलं होतं गं. वाटलं, मी रोखीन त्याला. ऐक, आज घरी गेलीस की आधी त्याने सकाळची गोळी घेतली का ते बघ. मग भांड."